जॅझवर मोहोर कुणाची?

लखनौच्या कैसरबागेत १९२६ साली 'मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक' सुरू झाले. संस्थापक मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे, नाव इंग्रज गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे, आणि संगीत मात्र 'हिंदुस्तानी'! पारतंत्र्यात गाण्याला देशाचे नाव देणे अभिमानाचेच होते. (१९६६ साली मॅरिससाहेबांच्या जागी भातखंड्यांचे नाव आले.) पण तिथे शिकवल्या जाणाऱ्या कितीतरी बंदिशी भातखंड्यांनी घराणेदार उस्तादांकडून महत्प्रयासाने मिळवल्या होत्या. देशाची मोहोर उठली की मूळ धन्याच्या वाट्याला काय येते? अमेरिकेत जॅझच्या बाबतीत हाच प्रश्न फार बोचरा ठरला.

न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत हे संगीत वाढले. तिथलाच ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे ऐन अमेरिकन स्वातंत्र्यदिनाचा, असे तो अभिमानाने सांगे. (खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर सापडली.) १९५६ पासून अमेरिकन सरकार 'आपले संगीत' म्हणून जॅझवादकांना परदेशी पाठवू लागले. १९५८ साली डेव्ह ब्रुबेकचा ताफा मुंबईतही वाजवून गेला. पण त्याच १९५६ साली लुइझियाना राज्याने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवण्यावर कायद्याने बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात दोन्ही रंगांची माणसे. देशाचा हा लाडका कलावंत १९६५ पर्यंत स्वतःच्या जन्मगावी वाजवू शकला नाही!

सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक गावी नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेच्या दारात सैनिक उभे करून अडवण्यात आले. एरवी हसतमुख आर्मस्ट्राँग खवळला. सरकारतर्फे रशियाला जायचे घाटत होते. त्याने साफ नकार दिला. माझ्या माणसांना असे वागवणाऱ्या देशाची बाजू मी परमुलखात काय म्हणून मांडू, असा त्याचा सवाल होता. पुढे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्या मुलांच्या रक्षणासाठी फौज धाडली, तेव्हा त्याने तारेने त्यांचे कौतुकही केले. १९६० साली तो सरकारी दौऱ्यावर आफ्रिकेलाही गेला. देशावर त्याचा राग होता, पण देश त्याने परका मानला नव्हता.

१९८७ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून जॅझला राष्ट्रीय ठेवा म्हटले आणि तो आफ्रिकी-अमेरिकी अनुभवातून आला, हेही त्यात नोंदवले. आर्मस्ट्राँगला जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती.