टू-व्हीलरवाल्यांनी काय पाप केलंय?

ग्वाल्हेरला सिटी सेंटरमधल्या मावशीच्या बाल्कनीतून खाली बघितलं की नुसत्या दुचाक्याच दुचाक्या. रविवारी मिस्सेहून आल्यावर तिथेच मावसभावाने विचारलं, "ताई, तुमच्या अटल सेतूवर बाइक का नाही चालत? टू-व्हीलरवाल्यांनी काय पाप केलंय?" त्याला उरणला नोकरी लागलीय. मी तोऱ्यात म्हटलं, "अरे, वारा असतो!" पुढे काही सांगता येईना. साहित्याची विद्यार्थिनी मी. वारा म्हटलं की कविताच आठवते.

मग वाचलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय तो एकसारखा वाहत नाही, झोत येतात. आडव्या वाऱ्यात बाइकवाला नकळत वाऱ्याच्या दिशेने कलून चालवतो. सी लिंकसारख्या पुलावर मनोऱ्याआड वारा क्षणभर तुटला, की तो कललेलाच राहतो आणि गाडी लेन सोडते. मनोरा मागे पडला की पुन्हा थप्पड. कार हे चार चाकांवर बरंचसं सोसते. त्यात शेजारून ताशी १०० किमीने गाड्या जाणार. म्हणजे बंदी उगाच नाही, कबूल.

पण कोकण रेल्वेकडे बघा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. तिथे आणि मांडवी, झुआरी, शरावती नद्यांवरच्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं आहेत. वारा वाढला की गाड्या हळू करतात, वेळ पडली तर थांबवतात; वारा पडला की सोडतात. (१८७९ मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात अख्ख्या गाडीसकट कोसळला होता. रेल्वेवाले तेव्हापासून वाऱ्याला घाबरून आहेत, हे बरंच आहे.) दुचाकीसाठी मात्र २००९ च्या सी लिंकवर काय, २०२४ च्या अटल सेतूवर काय, वारा बघायचाच नाही. बारा महिने बंद!

ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवरच्या १९९६ च्या पुलाला वारा अडवणारे उंच कठडे आहेत. असे कठडे, दुचाकीला वेगळी लेन, वारा चढला की बंद होणारं फाटक, हे पुढच्या पुलाच्या नकाशातच मागायला हवं. खर्च वाढेल. वाढू दे, २१.८ किमीचा पूल बांधताना आपण कुठे हात आखडला होता?

भाऊ जूनमध्ये येतोय. बाइक ट्रेनने पाठवणार आहे. उरणहून शिवडीला माझ्याकडे यायचं तर वाशीवरून वळसा घालून येईल, भर पावसात.