काळी किती होते, हे विचारूच नका

सायकलसाठी गॉगल घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला. "उन्हात काच किती काळी होते हो?" दुकानदार याच प्रश्नाची वाट बघत असतो. तो ड्रॉवरमधून एक छोटा निळसर टॉर्च काढतो, काचेवर चार सेकंद धरतो आणि काय आश्चर्य! काचेवर टॉर्चएवढा काळा ठिपका उमटतो. मग तो ठिपका हळूहळू विरत जाताना दोघंही कौतुकाने बघतात. जादू बघून झाली की गिऱ्हाईक पाकीट काढतं.

मला या जादूचा राग आहे. ती खोटी नाही, पण तिने नको त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सायकलवाल्याने विचारायचं ते उलटं : ही काच सगळ्यात पांढरी असते तेव्हा किती पांढरी असते? काळी तर दोनशे रुपयांची रस्त्यावरची काचसुद्धा असते, आणि चोवीस तास असते.

आता "गॉगलसारख्या फालतू विषयावर एवढं काय तावातावाने लिहायचं" असं आमच्या गोतावळ्यातल्या काहींना वाटेल, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. पहाटे साडेपाचला सायकल काढताना डोळ्यांवर चष्मा दिसला की घरचा शेरा ठरलेला असतो : "सूर्य उगवला नाही अजून, आणि हा निघाला गॉगल लावून! कोणाला दाखवायचंय?" हेल्मेटला आता कोणी हसत नाही. हेल्मेट म्हणजे शहाणपणा, गॉगल म्हणजे शायनिंग, अशी आपली वाटणी झालेली आहे. दुसऱ्या बाजूला आमचे सायकलमित्र. त्यांना गॉगल हवाच असतो, पण तो आरशासारखा चकाकणारा, निळा-जांभळा, फोटोत उठून दिसणारा. एक पक्ष गॉगलला चैन म्हणतो, दुसरा ती चैन हौसेने करतो. दोघांची समजूत मात्र एकच, की गॉगल उन्हासाठी असतो.

रस्त्यावर डोळ्यात काय काय जातं याची यादी करा म्हणजे कळेल. पहाटे आणि तिन्हीसांजेला चिलटं. बाराही महिने धूळ. घाटात खडीच्या ट्रकमागची कच. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून उडणारं पाचट. पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेलं चिखलाचं पाणी. आणि उतारावर नुसता वारा, ज्याने डोळ्यांत पाणी येऊन समोरचा खड्डा दिसेनासा होतो. दिवे घाट उतरताना ताशी ४० चा वेग सहज मिळतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. त्या वेगात चिलट डोळ्यावर आपटलं तर माणूस क्षणभर आंधळा होतो, आणि तो क्षण कुठल्या वळणावर येईल हे चिलट सांगत नाही. या यादीतल्या एकाही गोष्टीचा सूर्याशी संबंध नाही. उलट यातलं बरंचसं ऊन नसतानाच जास्त होतं.

आमच्या आतेभावाचं प्रकरण घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. डिसेंबर महिना, पहाटे सव्वासहा, साताऱ्याकडे जाणारा हायवे. शेजारून गेलेल्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि थेट उजव्या डोळ्यावर. बुबुळाला खोल जखम झाली. ती भरली, पण बारीकसा डाग राहिला, आणि अजूनही रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्याला फुटल्यासारखे दिसतात. नातेवाइकांचा निष्कर्ष : "पहाटे हायवेवर जायचंच कशाला?" कोणी बोलत नाही ती गोष्ट ही, की त्याच्याकडे गॉगल होता. चांगला, मजबूत, खड्याला पुरून उरला असता असा. तो त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात होता. कारण काच काळी होती आणि बाहेर अंधार होता. काळी काच लावून अंधारात हायवेवर सायकल चालवणं हा आणखी मोठा वेडेपणा, त्यामुळे त्याने गॉगल काढला हे योग्यच केलं. जो गॉगल गरजेच्या वेळी काढूनच ठेवावा लागतो, तो माझ्या मते सायकलचा गॉगलच नव्हे.

म्हणून फोटोक्रोमिक. म्हणजे आपल्या चष्म्याच्या दुकानातलं 'फोटोसन'. हा शब्द ऐकला की वडीलमंडळींना आठवतो तो जाड काचेचा, नाकावर ओझं होणारा, घरातसुद्धा किंचित मळकट दिसणारा चष्मा. त्याचं मूळ अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या संशोधनात आहे. काचेतच चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे, अतिनील किरण पडले की ते गडद होतात, साधारण फोटोच्या फिल्मसारखे. फरक एवढाच की ते पुन्हा पूर्ववत होतात. पण ती काच म्हणजे खरीखुरी काच. फुटली तर डोळ्यातच जायची. सायकलवर तिचं काम नाही. आजचे खेळाचे गॉगल पॉलिकार्बोनेटचे किंवा तशाच चिवट प्लास्टिकचे असतात, आणि रंग बदलतात ते सेंद्रिय रेणू. अतिनील किरणांनी रेणूचं एक कडं उघडतं आणि काच गडद होते. उष्णतेने ते कडं पुन्हा मिटतं आणि काच पांढरी होते.

हे शेवटचं वाक्य जाहिरातीत नसतं, आणि सगळी गंमत त्याच्यातच आहे. उष्णता काच पांढरी करते! म्हणजे मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी, जेव्हा गडद काच सगळ्यात जास्त हवी, तेव्हा ती कमी गडद होणार. आणि जुलैत ताम्हिणीच्या घाटात, गार हवेत, ढगांखाली? अतिनील किरण ढगांतूनही बऱ्यापैकी येतात, वर हवा थंड, त्यामुळे तिथे ती नको तितकी गडद होणार, आणि पुन्हा पांढरी व्हायलाही जास्त वेळ घेणार. पाकिटावरचा गडदपणाचा आकडा प्रमाणित चाचणीत २३ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी २३ अंश फक्त एसीच्या दुकानात असतात. तेव्हा "किती काळी होते" याचं उत्तर दुकानात एक आणि रस्त्यावर दुसरं. पांढऱ्या टोकाचं तसं नाही. रात्रभर कपाटात ठेवलेली काच पहाटे जितकी पांढरी असते तितकीच ती असते. भरवसा ठेवायचा तर याच टोकावर ठेवता येतो.

आता आकडे. कंटाळा करू नका, पाचच आहेत. गॉगलच्या काचांचे ० ते ४ असे वर्ग असतात. शून्य म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो. एक म्हणजे ४३ ते ८०, दोन म्हणजे १८ ते ४३, तीन म्हणजे ८ ते १८, आणि चार म्हणजे फक्त ३ ते ८ टक्के. चौथा वर्ग बर्फावर आणि उंच पहाडांत चालायला. तो लावून गाडी चालवू नये असं स्पष्ट सांगितलेलं असतं. त्याच प्रमाणात आणखी एक ओळ आहे : ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच संधिप्रकाशात आणि रात्री वाहन चालवायला योग्य नाही. मोटारवाल्याला दोन भक्कम हेडलाइट असतात. सायकलवाल्याला बोटभर टॉर्च. मग आपला आकडा मोटारवाल्यापेक्षा कमी कसा चालेल?

याचा अर्थ साधा. ० ते २ किंवा ० ते ३ लिहिलेली काच घ्या. १ ते ३ असेल तर पांढऱ्या टोकाला नक्की किती टक्के, ते विचारा. ७५ च्या खाली असेल तर ठेवून द्या. २ ते ४ असेल तर कितीही स्वस्त मिळो, ती सायकलची नाही. काचेवर आरशाचा मुलामा असेल तर तो पहाटेही प्रकाश परत पाठवतो, म्हणजे पांढरं टोक गेलंच. 'पोलराइज्ड' हा दुकानदाराचा आवडता शब्द. कायम पोलराइज्ड असलेली काच मुळात निम्म्याहून जास्त प्रकाश आत सोडूच शकत नाही, तिची घडणच तशी असते. शिवाय ओल्या रस्त्याची चकाकी ती पुसून टाकते, आणि पुढे पाणी किंवा तेल सांडलंय हे आपल्याला त्या चकाकीवरूनच कळतं. पाण्यावर होडीत बसून मासे बघायला उत्तम. घाटात नको.

अतिनील किरणांबद्दलही एक गैरसमज आहे, की जितकी काळी तितकी डोळ्यांना सुरक्षित. काळेपणाचा आणि अतिनील संरक्षणाचा संबंध नाही. पॉलिकार्बोनेट पूर्ण पांढरं असलं तरी अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं. उलट संरक्षण नसलेली काळी काच धोक्याची, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि नको ते जास्त आत जातं. मोतीबिंदू आणि डोळ्यातलं वाढणारं मांस या दोन्हींशी वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांचा संबंध आहे, तेव्हा उन्हात राबणाऱ्या कोणालाही हे लागू. 'यूव्ही ४००' लिहिलंय का ते बघा, रंगावर जाऊ नका.

एक मोठा आक्षेप आहे आणि तो खरा आहे : फोटोक्रोमिक काच संथ असते. गडद व्हायला अर्धा-एक मिनिट, पांढरी व्हायला कित्येक मिनिटं. भर उन्हातून जुन्या कात्रज बोगद्यात शिरलात की काच तुमच्यासोबत शिरते ती काळीच. ती शुद्धीवर येईपर्यंत बोगदा संपलेला असतो. यावर जगात कुठल्याही ब्रँडचा उपाय 'जरा महाग काच घ्या' असा असतो. माझा उपाय फुकट आहे : बोगद्याआधी वेग कमी करा, आणि गॉगल नाकावर दोन बोटं खाली ओढा. आणि इथेही तेच गणित, ज्या काचेचं काळं टोक फार काळं नाही ती बोगद्यात कमी फसवते. माझ्या मते आपल्या रस्त्यांना दुसऱ्या वर्गापर्यंत जाणारी काच पुरते.

हा संथपणा वेगावर अवलंबून त्रास देतो. ट्रेकला जाणाऱ्यांना तो जाणवतही नाही. रानातून माथ्यावर पोचेपर्यंत काचेला हवा तेवढा वेळ मिळतो. पहाटे पळणाऱ्यांनाही चालेल. क्रिकेटमध्ये मात्र सावलीतून उन्हात येणारा उंच झेल काचेसाठी थांबत नाही. तिथे साधी ठरावीक रंगाची काच बरी. आणि दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे करणाऱ्यांना तर माझ्या मते पर्यायच नाही. तीनशेला २० तास मिळतात. म्हणजे एकाच राइडमध्ये अंधार, पहाट, भर दुपार आणि पुन्हा अंधार. "काचा बदलता येतात की!" असं म्हणणाऱ्यांनी मला एकदा दाखवावं, की दोनशेव्या किलोमीटरला, घामट हातांनी, हायवेच्या कडेला उभं राहून कोण काच बदलतं. ती डबी खोगिराखालच्या पिशवीत जशीच्या तशी घरी येते.

पैशांचं काय? फोटोक्रोमिक महाग असते, आणि दोन-तीन वर्षांत थकते. रेणू दमतात, काच पिवळट राहू लागते. पांढऱ्या कागदावर सकाळी ठेवून बघा, लगेच कळतं. एवढा खर्च नको असेल तर माझी मुळीच हरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवाले वापरतात तो पांढरा पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा दोनेकशे रुपयांत मिळतो. त्यात शान नाही, रंग नाही, जादू नाही. पण तो पहाटे सव्वासहाला डोळ्यांवर असतो. आतेभावाच्या महागड्या गॉगलपेक्षा मी त्याला शंभरदा मार्क देईन.

तेव्हा मंडळी, दुकानात गेलात की टॉर्चची जादू नम्रपणे नाकारा. गॉगल लावून दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि तिथे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचता येतात का बघा. (चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो लावून अंदाज घ्या, काचेला दोष देऊ नका.) मग बाहेर उन्हात जा; काचेच्या दाराआडून नको, तिथे अतिनील किरण कमी पोचतात. मान खाली-वर करा, भुवईशी आणि गालाशी फट किती राहते बघा. काडीच्या आतल्या बाजूचा वर्ग वाचा. एवढं झालं की मग रंग, ब्रँड, फोटो, काय हवं ते बघा.

आणि घरच्यांनो, पहाटे अंधारात कोणी डोळ्यांवर चष्मा चढवून निघालेलं दिसलं तर "कोणाला दाखवायचंय?" असं विचारू नका. त्याला दाखवायचं नसतं हो, त्याला दिसायला हवं असतं.