परकर कोणी धुतला?

जो बेकर यांची ‘लाँगबर्न’ ही कादंबरी २०१३ साली आली. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधलं (१८१३) बेनेट कुटुंबाचं घर इथं तेच आहे, पण गोष्ट दिसते ती स्वयंपाकघरातून आणि मोरीतून. एलिझाबेथ मागे सरकते आणि घरकाम करणारी सारा नायिका होते. या कादंबरीबद्दल वाचकांचे दोन सूर मी सतत ऐकत आले आहे. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिला सूर तक्रारीचा: ‘आमची लाडकी गोष्ट नासवली.’ मिस्टर बेनेटना घरातल्या मिसेस हिलपासून झालेला मुलगा, बिंग्लेंच्या पैशाला गुलामांनी पिकवलेल्या साखरेचा वास. हा अधिकार लेखिकेला दिला कुणी? मी म्हणते, ऑस्टिननेच. बिंग्लेंची संपत्ती व्यापारातून आली हे तिनेच सांगून ठेवलं आहे. हिल आणि सारा ही नावंही तिच्याच पुस्तकातली. सारा तिथे हाक मारण्यापुरती येते. आजारी बहिणीला भेटायला एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवत जाते. तिच्या मळलेल्या परकराला बिंग्लेच्या बहिणी नाकं मुरडतात आणि आपण दोनशे वर्षं तिच्या बाणेदारपणावर खूश आहोत. तो परकर कुणीतरी धुतलाच असेल ना? बेकर यांनी एवढंच विचारलं. त्यामुळे ऑस्टिनचं एक अक्षरही पुसलं गेलेलं नाही.

आणि ही तक्रार भारतीय वाचकाने करावी, याचं मला अधिक नवल वाटतं. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) शिवाजी सावंतांनी कर्णाला बोलतं केलं, एम. टी. वासुदेवन नायर यांनी १९८४ साली मल्याळममध्ये भीमाच्या मनातून महाभारत सांगितलं, प्रतिभा राय यांनी ओडियात द्रौपदीला लिहितं केलं. ही पुस्तकं आपण एकमेकांच्या भाषांत नेली, डोक्यावर घेतली. मग महाभारताला जे चालतं ते इंग्लंडमधल्या एका प्रेमकथेला का चालू नये? मला कारण दिसतं ते असं: आपण ज्यांना बोलू दिलं ते सगळे राजघराण्यातले. सूतपुत्र म्हणून वाढलेला कर्णसुद्धा शेवटी कुंतीचाच मुलगा. सारा मात्र कुणाचीच हरवलेली राजकन्या नाही. ती पगारी मोलकरीण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुण्या-भांड्याला बाई येते. तिच्याही आयुष्यात एखादी प्रेमकथा असेल, ही कल्पनाच आपल्याला अडचणीची वाटते.

दुसरा सूर कौतुकाचा: ‘बरी जिरवली ऑस्टिनची!’ हे वाचक स्वतःला पुरोगामी समजतात, पण तेही पाहतात ऑस्टिनकडेच. सारा त्यांच्या हातातली छडी, तेवढंच.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बसून राहतात आणि या कादंबरीला विचारण्याजोगा खरा प्रश्न तसाच राहतो. सारा ज्याच्यावर प्रेम करते तो नोकर, जेम्स, हाच मिस्टर बेनेटचा तो मुलगा. इतकं धाडस करणाऱ्या लेखिकेलाही नायकाच्या अंगात मालकाचं रक्त का घालावंसं वाटलं? साध्या माणसावर साध्या बाईचं प्रेम कादंबरीला पुरलं नसतं का? माझा बेकर यांच्याशी वाद आहे तो एवढाच: त्या फार पुढे गेल्या नाहीत, थोड्या अलीकडेच थांबल्या.

तरीही शेवटाकडे सारा पेम्बर्लीची सुरक्षित नोकरी सोडून जेम्सच्या शोधात पायी निघते, तेव्हा त्या वाटेवर ना डार्सी असतो ना एलिझाबेथ. चिखल तिथेही आहे. तो तुडवणारीला आपण बाणेदार म्हणणार आहोत का, हे आता आपण वाचकांनी ठरवायचं.