बळापेक्षा हिशेब मोठा
गोव्यात बंगल्याच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणे आता नवलाचे राहिलेले नाही. नवल वाटते ते याचे की, पाणी गढूळ होताच मालक अधिक अश्वशक्तीचा पंप आणतो. आमच्या मते हा उपाय नव्हे, उधळपट्टी होय. 50,000 लिटरांचा तलाव 8 तासांत एकदा गाळावयाचा, तर ताशी 6,250 लिटर पुरेत. फार जोराने लोटलेले पाणी वाळूच्या गाळणीतून मळासकट परत येते. पृष्ठभागावरील पाचोळा व तेलकट थर ओढणे हे काठावरच्या स्किमरचे काम. पाण्याची पातळी त्याच्या मुखाच्या मध्यावर हवी. ती उतरली किंवा पंपाने अवाजवी ओढ घेतली, तर आत हवा शिरते. फार चढली, तर तरंगती झडप निरुपयोगी ठरते. उलट, पंपाचा वेग निम्मा केल्यास वीज सुमारे एक-अष्टमांश लागते. वेळ दुप्पट धरला तरी तेवढेच पाणी पाव खर्चात फिरते. उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट पाहत असता, गढूळ झाला म्हणून अख्खा तलाव उपसून टाकणे कोणासही शोभत नाही. नवा पंप घेण्यापूर्वी तलावधारकांनी आधी स्किमरचे तोंड पाहावे, मग हिशेब मांडावा.