विज्ञानातील पंक्तिभेद

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये अर्थसाहाय्य काढून घेतले आणि भारतीय विज्ञान काँग्रेसचे २०२४ चे अधिवेशन ठरल्या वेळी भरले नाही. त्याची हळहळ फारशी कोणाला वाटली नाही. २०१५ च्या मुंबई अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेल्यावर ती वाटावी तरी का, असे कोणी विचारील.

परंतु परिषद व्यासपीठावरच संपत नाही. २०११ साली प्वेर्तो रिकोतील एका परिषदेत जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिए यांची प्रथमच गाठ पडली. सान हुआनच्या जुन्या गल्ल्यांतून फिरता फिरता सहकार्याचे बोलणे झाले. त्यातून साकारलेल्या जनुक-संपादनाच्या तंत्राबद्दल २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघींना मिळाले. तो फेरफटका कार्यक्रमपत्रिकेत नव्हता!

तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला परदेशातील परिषद परवडत नाही. विज्ञान काँग्रेसचे दार मात्र २०२३ च्या नागपूर अधिवेशनापर्यंत त्याला उघडे होते. नामवंत संशोधकाशी भोजनाच्या रांगेत दोन शब्द बोलता यावेत, एवढीच त्याची अपेक्षा. तीही बहुधा फसते, कारण मान्यवरांचा मांडव निराळा असतो. हिशेब जरूर तपासावेत, निबंधही कसोशीने निवडावेत. पण पुढचे अधिवेशन भरेल तेव्हा हा दुसरा मांडव आधी उतरवावा.