घरच्या दफ्तराची नक्कल

ज्या कुटुंबाचा जतन करण्याजोगा ऐवज एके काळी लोखंडी ट्रंकेत आणि भिंतीतल्या फडताळात मावत असे, त्या कुटुंबाची लग्नकार्यांची छायाचित्रे, जमिनीचे सातबारा उतारे, मुलांची प्रमाणपत्रे आणि आता हयात नसलेल्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या, हा सारा संचय आज तळहाताएवढ्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसला आहे; आणि तिची निवड मात्र आपण बहुधा दुकानदाराच्या शब्दावर किंवा सवलतीच्या दिवशी पडद्यावर दिसलेल्या किमतीवर उरकतो. दुकानात विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो: सर्वांत भरवशाची कंपनी कोणती? माझ्या मते या प्रश्नाला देता येण्याजोगे प्रामाणिक उत्तर नाही, आणि ते शोधण्यात जो वेळ जातो तो दुसऱ्या प्रतीची तजवीज करण्यात खर्चिला पाहिजे.

फिरत्या तबकड्यांच्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच उरल्या आहेत. सॅमसंगचा हा व्यवसाय 2011 मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा 2012 मध्ये वेस्टर्न डिजिटलने; तेव्हा वेष्टनावर नाव कोणतेही असो, आतील फिरती डिस्क या तिघींपैकीच एकीची असते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी स्वतःच्या साठवणकेंद्रांतील डिस्कच्या बिघाडाचे आकडे 2013 पासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांवरून पाहता अलीकडच्या वर्षांत दरसाल शंभरात साधारण एक ते दीड डिस्क निकामी होते, आणि एकाच कंपनीचे एक मॉडेल उत्तम तर दुसरे सुमार ठरते. हे आकडेही वातानुकूलित दालनात अखंड चालणाऱ्या डिस्कचे आहेत. कोकणातल्या दमट कपाटात किंवा मुलाच्या दप्तरात वावरणाऱ्या डिस्कची हमी त्यांतून मिळत नाही.

या यंत्राची जातकुळीच नाजूक आहे. 1956 साली आयबीएमने रामॅक या संगणकासाठी जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर जेमतेम पाच मेगाबाइट मजकूर मावत असे. आज त्याच्या लक्षावधी पट मजकूर खिशात मावतो, परंतु त्यासाठी मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचनशीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर अंतराने सरकत असते, आणि चालू स्थितीत टेबलावरून खाली पडलेल्या डिस्कमध्ये हे अंतर क्षणात संपून शीर्ष तबकडीवर घासते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेले कागद दोनशे वर्षांनंतरही अभ्यासक वाचतात, कारण कसरीने कोपरा कुरतडला तरी उरलेला मजकूर शाबूत राहतो. डिस्कमध्ये मात्र सारे दफ्तर एका दुपारीच गप्प होऊ शकते. त्याची पूर्वसूचना मिळेलच असेही नाही. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून 2007 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानुसार निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवली होती, तिच्यात महत्त्वाच्या इशाऱ्यांपैकी एकही आढळला नव्हता. ही नोंद दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘रिअलोकेटेड’ (बाद करून बदललेल्या) किंवा ‘पेंडिंग’ (संशयास्पद) सेक्टरांपुढे शून्याहून मोठा आकडा दिसला की त्याच दिवशी नक्कल करावी, हे खरेच. पण शून्य दिसले म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

खरेदीतले तारतम्य याच ज्ञानातून येते. रोज सोबत वागवायची असेल तर हलणारा भाग नसलेली एसएसडी घ्यावी. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची असेल तर नको, कारण विद्युतभाराच्या रूपाने तिच्यात साठवलेला मजकूर दीर्घकाळ वीज न मिळाल्यास क्षीण होत जातो, आणि साठवणुकीच्या मानाने तिची किंमतही भारी पडते. जतनासाठी माझी पसंती संगणकाच्याच केबलवर चालणाऱ्या अडीच इंची साध्या फिरत्या डिस्कला आहे. साधी यासाठी की काही मॉडेलांत मजकुराला कुलूप घालणारे परिपथ पेटीतच असते आणि ते जळाले तर तबकडी धडधाकट असूनही मजकूर अवाच्य होतो. काहींत तर यूएसबीचे तोंड डिस्कच्या मूळ पट्टीलाच डाखलेले असल्याने ते सैल पडल्यावर आतील डिस्क काढून दुसऱ्या पेटीत बसवण्याची सोयच राहत नाही. कागदपत्रे गोपनीय असतील तर संगणकातील सोयीने कुलूप घालावे आणि त्याची किल्ली कागदावर लिहून जपून ठेवावी.

येथे एक तक्रार स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. अनेक डिस्कमध्ये मजकुराच्या रेषा मंगलोरी कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण जुना मजकूर बदलताना शेजारच्या रेषाही पुन्हा लिहाव्या लागून काम मंदावते. घरगुती जतनाला ही पद्धत चालते, तथापि 2020 मध्ये ती ग्राहकांना न कळवता वापरल्याचे उघड झाले तेव्हा गदारोळ झाला आणि त्यानंतरच कंपन्यांनी आपापल्या अशा मॉडेलांच्या याद्या जाहीर केल्या. आपल्याकडील 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क देतो. असे असता खोक्यावर आयातदाराचा पत्ता आणि किंमत सापडावी, परंतु आतील डिस्कची जात सापडू नये, ही स्थिती सरकारने बदलावयास हवी.

त्याहून घातक प्रकार उघड फसवणुकीचा. एक टेराबाइटची डिस्क संगणकात 931 जीबी दिसते ती केवळ मोजणीच्या दोन पद्धतींमुळे, तिच्यात लबाडी नाही. पण दीड-दोन हजार रुपयांत सोळा टेराबाइट देऊ करणारी पेटी उघडली तर आत बोटाच्या पेराएवढे मेमरी कार्ड आणि वजन भरावे म्हणून चिकटवलेला धातूचा तुकडा निघतो. तिला खोटी क्षमता सांगण्यास शिकवलेले असते. खरी जागा भरल्यावर पुढच्या फाइलींची नावे दिसतात, मजकूर मात्र कुठेच नसतो. म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधीच नवी डिस्क काठोकाठ भरून परत वाचून पाहावी. जर्मनीच्या सी-टी मासिकाचा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम नेमके हेच करतो, आणि मोठ्या डिस्कला त्यात दिवस गेला तरी तो कारणी लागतो.

वॉरंटीत नवी डिस्क मिळते, मजकूर नव्हे. तो परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळांचे शुल्क डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट असते. म्हणून एका मोठ्या डिस्कच्या पैशांत दोन मध्यम डिस्क घ्याव्या, त्याही निरनिराळ्या कंपन्यांच्या, कारण एकाच घाण्यातून निघालेल्या दोघींत एकच दोष असू शकतो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत वास्तूबाहेर असे सांगतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत, 26 जुलै 2005 रोजी मुंबईत आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांना या तिसऱ्या अटीचे कारण सांगावे लागणार नाही. दुसरी डिस्क परगावच्या बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवावी आणि दिवाळीच्या भेटीत अद्ययावत करावी. घरची डिस्कही काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तो तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. सहा महिन्यांनी एकदा चारदोन जुनी छायाचित्रे आणि एखादे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष उघडून पाहावे, आणि पाचेक वर्षांनी, ती ठणठणीत असली तरी, सारे दफ्तर नव्या डिस्कवर उतरवून जुनीवर तारीख लिहून ती तिसरी प्रत म्हणून ठेवून द्यावी.