कापसाचा बोळा

शेडमध्ये नवा पोरगा आला की मुकादम सांगतो, "आठ दिवस त्रास होईल, मग कानाला सवय होते."

साफ खोटं. कानाला सवय होत नाही, कान मरतो. आतल्या केसागत बारीक पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. माझा बाप मुंबईच्या गिरणीत सूतखात्यात होता. आई ओरडायची, तो नुसता हसायचा. आम्ही पोरं त्याला ठार बहिरा म्हणून चिडवायचो. आमची अक्कल तेवढीच.

त्या गिरण्यांत आमच्या माणसांना साच्यावर घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमच्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटायचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल चव्हाट्यावर आणला. आमच्या ओठांवर एवढी नजर ठेवणाऱ्यांना आमच्या कानांची फिकीर कधी वाटली नाही. कान थोडाच बाटवतो?

आता आम्ही भिवंडीत मागावर आहोत. धोट्याच्या मागांची शेड शंभर डेसिबलच्या आसपास गरजते. अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था सांगते: ८५ डेसिबलला आठ तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. आपली पाळी बारा तासांची.

आणि शेठ देतो काय? कापसाचा बोळा! त्यानं आवाज अडत नाही.

फोमचं बूच मागा. धुतलेल्या हातानं बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढा, आत सारा, फुगेस्तोवर अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. बाहेर लोंबत राहिलं तर तो नुसता दागिना. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला, शेडमध्ये निम्माच धरा. आठ तासांतला अर्धा तास काढून ठेवलंत, तर ३० डेसिबलचं बूच १२ च्या वर काम देत नाही. मळलं की फेका. ज्याचा कान वाहतो त्यानं बूच घालू नये, आधी डॉक्टर गाठावा.

पण बूच शेवटी. आधी मागाखाली रबर घाला, खिळखिळे भाग बदला. शेठ म्हणतो परवडत नाही. एक शेड चार नावांवर तोडून कायदा चुकवायला मात्र परवडतं!

आमची मागणी सरळ आहे. कामावर घेताना कानाची तपासणी, मग दरसाल, पाळी सुरू व्हायच्या आधी, कान विसावलेला असताना. आणि तो कागद आमच्या हातात द्यायचा, मुकादमाच्या नव्हे.